लॅम्डा-कलन आणि नैगमनिक तर्कशास्त्र : एका रूढ निर्णयाची चिकित्सा

१

गणिती तर्कशास्त्राच्या इतिहासात लॅम्डा-कलनाविषयी एक निर्णय रूढ झालेला आहे. अलॉन्झो चर्च यांनी १९३२ साली तर्कशास्त्राचा पाया घालण्यासाठी एक व्यवस्था रचली. ती १९३५ साली विसंगत ठरली. तिच्यातील तर्कशास्त्राचा भाग गळून पडला आणि फलनांच्या आकडेमोडीचा भाग तेवढा उरला. हा उरलेला भाग म्हणजेच लॅम्डा-कलन, असे या निर्णयाचे स्वरूप आहे. पाठ्यग्रंथांतून तो इतक्या सहजपणे दिला जातो, की त्याची तपासणी करावी असे विद्यार्थ्याला वाटत नाही. त्याच विद्यार्थ्यास पुढे दुसरे एक सूत्र शिकविले जाते : विधान म्हणजे प्रकार आणि सिद्धता म्हणजे लॅम्डा-पद. या दुसऱ्या सूत्राचा उत्साह तर असा असतो, की तर्क आणि गणनक्रिया या एकाच वस्तूच्या दोन बाजू आहेत असे मानण्यापर्यंत मजल जाते.

या दोन शिकवणी एकमेकींशेजारी ठेवल्या, म्हणजे एक प्रश्न अटळपणे उभा राहतो. जे कलन १९३५ साली तर्कशास्त्राच्या कामी अपात्र ठरले, तेच पुढे सिद्धतांची भाषा कसे काय झाले? मधल्या काळात कलन बदलले, की तर्कशास्त्र बदलले, की त्या दोहोंमधील नाते बदलले? पहिला निर्णय अर्धवट आहे आणि दुसरे सूत्र सैल आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे. १९३५ सालची विसंगती आणि कलनाचे सामर्थ्य ही एकाच पदरचनेची दोन फळे आहेत. ती रचना वर्ज्य करण्याची किंमत मोजल्यावाचून लॅम्डा-कलनाला सिद्धतांची भाषा होता आलेले नाही.

२

प्रथम कलनाचे स्वरूप पाहू जाता त्यात क्रिया दोनच आढळतात. पहिली अमूर्तीकरणाची. एखाद्या राशीतील चल वेगळा काढून त्या राशीचे फलन बनवावयाचे. मूळ ग्रीक अक्षराच्या जागी येथे ‘लॅ’ हे चिन्ह योजिल्यास ‘लॅ क्ष. (क्ष × क्ष + १)’ याचा अर्थ, क्ष दिला असता त्याच्या वर्गात एक मिळविणारे फलन. दुसरी क्रिया उपयोजनाची. फलनाशेजारी त्याचे आदान लिहावयाचे. वरील फलनाशेजारी ४ लिहिले, की क्षच्या जागी ४ घालून १७ मिळतात. बद्ध चलाच्या जागी आदान घालण्याचा हा नियम म्हणजेच कलनाचा संक्षेपनियम होय. संख्या आणि बेरीज-गुणाकार ही येथे केवळ उदाहरणाची सोय आहे; शुद्ध कलनात चल, अमूर्तीकरण आणि उपयोजन यांवाचून काहीही नसते. कोणतेही पद कोणत्याही पदाला लावता येते, आणि एखादे पद स्वतःलाच लावण्यासही मनाई नसते.

चर्च यांच्या १९३२ आणि १९३३ सालच्या लेखांत ही यंत्रणा तर्कशास्त्राच्या सेवेसाठी उभी केलेली होती. निषेध, संधी, सामान्यीकरण इत्यादी तार्किक कल्पनांसाठी त्यांनी स्थिर पदे घेतली आणि त्यांच्या वापराची गृहीतके मांडली. ‘प्रत्येक क्षसाठी’ या शब्दसमुच्चयात चल बांधण्याची जी क्रिया असते ती लॅम्डाकडे सोपविली गेली. उरलेले ‘प्रत्येक’ हे फलनावर चालणारे एक साधे स्थिर पद झाले. चल बांधण्याच्या सर्व प्रकारांना एकच मूळ देणारी ही कल्पना पुढे टिकली. चर्च यांनी १९४० साली साध्या प्रकारसिद्धांताची जी मांडणी प्रसिद्ध केली, तीत हीच योजना प्रकारांचे बंधन घालून पुन्हा अवतरली, आणि उच्चश्रेणी तर्कशास्त्राची ती आजही एक प्रमाणभूत मांडणी मानली जाते. तेव्हा ‘तर्कशास्त्राचा भाग गळून पडला’ हे विधान इतिहासाच्या साध्या कसोटीवरही पुरते उतरत नाही. एक व्यवस्था कोसळली. तिच्यातील योजना कोसळली नाही.

विरोधाभास टाळण्यासाठी रसेल यांनी प्रकारांची उतरंड स्वीकारली होती. चर्च यांना तो मार्ग नको होता. त्याऐवजी त्यांनी मध्यमपरिहाराच्या नियमावर, म्हणजे विधान सत्य तरी असते किंवा असत्य तरी असते या नियमावर, मर्यादा घातली. एखाद्या फलनाला विशिष्ट आदानासाठी मूल्यच नसेल, तर तेथे सत्यासत्याचा आग्रह धरू नये, असा हा विचार होता. तो विचार सयुक्तिक होता, परंतु तो पुरेसा होता काय, हा खरा प्रश्न होय.

३

स्टीफन क्लीनी आणि जे. बी. रॉसर या चर्च यांच्याच विद्यार्थ्यांनी १९३५ साली त्याचे उत्तर दिले. रिशार याच्या विरोधाभासाचा धागा धरून त्यांनी दाखविले, की चर्च यांच्या व्यवस्थेत, तसेच हॅस्केल करी यांच्या तत्कालीन संयोजकीय व्यवस्थेत, प्रत्येक विधान सिद्ध होऊ शकते. त्यांची सिद्धता लांब आणि गुंतागुंतीची आहे; कारण चर्च यांच्या व्यवस्थेत सोपाधिक विधानाचे नियम बरेच सावधपणे घातलेले होते. करी यांनी १९४२ साली या विसंगतीचा गाभा फार थोडक्यात उघड केला, आणि चिकित्सेच्या दृष्टीने तोच अधिक उपयोगी आहे.

अ हे कोणतेही विधान घ्यावे. ‘लॅ क्ष. (क्ष क्ष → अ)’ या पदास र म्हणावे, आणि र स्वतःलाच लावून मिळणाऱ्या ‘र र’ या पदास प म्हणावे. संक्षेपनियमाने प चे रूपांतर ‘प → अ’ असे होते. आता प गृहीत धरावे. प म्हणजेच ‘प → अ’, म्हणून त्याच गृहीतकाचा दुसऱ्यांदा उपयोग करून अ मिळते. म्हणजे प गृहीत धरल्यास अ सिद्ध होते. अर्थात ‘प → अ’ हे गृहीतकावाचून सिद्ध झाले. परंतु ‘प → अ’ हेच प होय. म्हणून प सिद्ध, आणि ‘प → अ’ही सिद्ध, यास्तव अ सिद्ध. अ हे कोणतेही विधान होते, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

या युक्तिवादात निषेधाचा स्पर्शही नाही, आणि मध्यमपरिहाराचा नियम कोठेही वापरलेला नाही. तेव्हा चर्च यांनी पहारा बसविला तो एका दाराशी, आणि विसंगतीचा प्रवेश मात्र दुसऱ्याच दाराने झाला. ते दार आत्मोपयोजनाचे, म्हणजे ‘क्ष क्ष’ लिहिण्याच्या मोकळिकीचे होते. बद्ध चल फलनाच्या अंगात निदान एकदा आलाच पाहिजे, हे बंधन चर्च यांनी पुढे १९४१ सालच्या आपल्या ग्रंथातही कायम ठेवले. पण र या पदात तो दोनदा येतो, म्हणून त्या बंधनाचाही येथे काही उपयोग होत नाही.

आता याच रचनेत ‘→ अ’ या भागाऐवजी कोणतेही फलन फ घालून पाहावे. ‘लॅ क्ष. फ (क्ष क्ष)’ हे पद स्वतःलाच लावले असता जे पद मिळते, त्यास य म्हणू. संक्षेपनियमाने य चे रूपांतर ‘फ य’ असे होते. म्हणजे य हा फ चा स्थिरबिंदू होय, आणि लॅम्डा-कलनात प्रत्येक फलनाला असा स्थिरबिंदू असतो. एखाद्या फलनाची व्याख्या त्या फलनाचाच आधार घेऊन करावयाची, जसे न चे क्रमगुणित म्हणजे न गुणिले न उणे एकचे क्रमगुणित, तर अशा व्याख्येला हा स्थिरबिंदू अर्थ देतो. पुनरावर्तनाचे संपूर्ण सामर्थ्य त्यातून प्राप्त होते. क्लीनी यांनी १९३६ साली सर्व पुनरावर्ती फलने कलनात व्यक्त होतात हे दाखविले. चर्च यांनी त्याच वर्षी कलनाच्या आधारे निर्णयप्रश्नाचे नकारात्मक उत्तर दिले. आणि १९३७ साली ॲलन ट्युरिंग यांनी स्वतःच्या यंत्रकल्पनेशी त्याची समतुल्यता सिद्ध केली. स्थिरबिंदू देणाऱ्या या पदास करी आणि रॉबर्ट फेज यांच्या १९५८ सालच्या ग्रंथात ‘विरोधाभासी संयोजक’ असेच नाव दिलेले आहे, ते उगाच नव्हे.

यावरून रूढ निर्णयातील पहिला दोष स्पष्ट होतो. तो तर्कशास्त्राचे अपयश आणि गणनेचे यश या दोन वेगळ्या घटना मानतो. जणू एक भाग किडका निघाला आणि दुसरा सुदैवाने निरोगी राहिला. वस्तुस्थिती अशी, की ज्या रचनेने कलनाला सर्व गणनीय फलनांचे क्षेत्र मिळवून दिले, तीच रचना सोपाधिक विधानाच्या नियमांशेजारी येताच सर्व विधाने सिद्ध करून मोकळी होते. शुद्ध कलन स्वतः विसंगत नाही. चर्च आणि रॉसर यांच्या १९३६ सालच्या प्रमेयानुसार संक्षेपाचा क्रम कोणताही घेतला तरी वाटा पुढे एकत्र येऊ शकतात. त्यामुळे एका पदाला दोन भिन्न अंतिम रूपे असत नाहीत, आणि सर्व पदे एकमेकांशी समान ठरण्याची आपत्ती ओढवत नाही. विसंगती कलनातही नव्हती आणि सोपाधिक विधानातही नव्हती. ती दोहोंच्या अनिर्बंध संयोगात होती.

४

दुसरे नाते याहून वेगळ्या जातीचे आहे, आणि त्याचा उगमही त्याच दशकातला. करी यांच्या १९३४ सालच्या लेखात संयोजकांना प्रकार देण्याचा विचार आला. ‘लॅ क्ष. लॅ य. क्ष’ हे पद घ्यावे. ते दोन आदाने घेते आणि पहिले परत करते. पहिल्याचा प्रकार अ आणि दुसऱ्याचा ब असेल, तर पदाचा प्रकार ‘अ → (ब → अ)’ असा होतो. आता बाण हे फलनाचे चिन्ह न मानता सोपाधिक विधानाचे चिन्ह मानले, तर हेच तर्कशास्त्रातील एक सुपरिचित गृहीतक ठरते. मोझेस शोनफिंकेल यांनी १९२४ साली ज्या दोन मूलभूत संयोजकांवर सर्व भार टाकला होता, त्यांचे प्रकार म्हणजे सोपाधिक विधानाच्या तर्कशास्त्राची दोन गृहीतके होत. आणि पूर्वांगावरून उत्तरांग काढण्याचा नियम म्हणजे उपयोजन होय.

गेरहार्ड गेंट्झेन यांनी १९३५ साली प्रसिद्ध केलेल्या नैसर्गिक निगमनाशी हा संबंध जोडण्याचे कार्य विल्यम हॉवर्ड यांनी केले. त्यांचे टिपण १९६९ साली हस्तलिखित रूपाने फिरू लागले आणि १९८० साली करी यांच्या गौरवग्रंथात छापले गेले. गेंट्झेन यांच्या पद्धतीत अ गृहीत धरून ब काढल्यावर ते गृहीतक मागे घेऊन ‘अ → ब’ असे लिहितात. गृहीतक मागे घेणे म्हणजे चल बांधणे, अर्थात अमूर्तीकरण. समजा, कोणी अ गृहीत धरून ब सिद्ध केले, त्यावरून ‘अ → ब’ लिहिले, मग अ स्वतंत्रपणे सिद्ध केले आणि शेवटी ब हा निष्कर्ष काढला. ही आडवाट आहे. अ गृहीत धरलेल्या प्रत्येक जागी अची सिद्धता सरळ बसविली की ब मिळतेच. दाग प्राविट्झ यांनी १९६५ साली आडवाटा काढून टाकण्याची ही क्रिया पद्धतशीरपणे अभ्यासिली. ती आणि लॅम्डा-कलनाचा संक्षेपनियम या एकच होत. हे साम्य केवळ नावे बदलल्याने उत्पन्न झालेले नाही, हे यावरून दिसून येते. दोन्ही बाजूंच्या वस्तूच नव्हेत, तर त्यांच्यावरील क्रियाही जुळतात.

येथे एक भेद काटेकोरपणे राखणे अवश्य आहे. चर्च यांच्या १९३२ सालच्या व्यवस्थेत विधान हे स्वतःच एक पद आहे. १९४० सालच्या व्यवस्थेत प्रकार आले, तरी विधान हे पदच राहिले. सत्यतामूल्याच्या प्रकाराचे पद, इतकाच बदल झाला. हॉवर्ड यांच्या मांडणीत विधान हा प्रकार असतो, आणि पद असते ती त्याची सिद्धता. पहिल्या नात्यात कलन ही विधानांची भाषा आहे. दुसऱ्यात ती सिद्धतांची भाषा आहे. दोन्हीकडे ‘प्रकार’ हा शब्द येतो, म्हणून पुष्कळ विवेचनांत ही दोन नाती एकाच प्रवाहाचे टप्पे म्हणून सांगितली जातात. त्यामुळे चर्च यांनी विरोधाभास टाळण्यासाठी घातलेले कुंपण आणि हॉवर्ड यांनी सिद्धतेला दिलेला अर्थ यांतील अंतर विद्यार्थ्याच्या दृष्टीआड होते.

५

दुसऱ्या नात्यात करी यांचा विरोधाभास का उद्भवत नाही, याचे उत्तर साधे आहे. ‘क्ष क्ष’ या पदाला प्रकार द्यावयाचा, तर क्षचा प्रकार एकाच वेळी अ आणि ‘अ → ब’ असा असावा लागेल. साध्या प्रकारांत ते अशक्य आहे. म्हणून र हे पद लिहिताच येत नाही, आणि त्याच कारणाने स्थिरबिंदूचे पदही हद्दपार होते. परिणामतः साध्या प्रकारांच्या कलनातील प्रत्येक पदाचा संक्षेप कोठेतरी थांबतो. याची ट्युरिंग यांनी केलेली एक जुनी सिद्धता १९८० सालच्या त्याच गौरवग्रंथात प्रसिद्ध झाली. व्यवस्था सुसंगत असण्याचे कारणही हेच होय. ज्या विधानाला सिद्धता असू नये, त्याला ती असती, तर तिचा संक्षेप होऊन अंतिम रूप मिळाले असते. आणि तसे अंतिम रूप असू शकत नाही, हे पदांच्या रचनेवरूनच दिसते. सुसंगतीची हमी अशा रीतीने गणना थांबण्याच्या हमीवर उभी राहते.

या हमीची किंमत मात्र जबर आहे. हेल्मुट श्विख्टेनबर्ग यांनी दाखविल्याप्रमाणे, चर्च यांच्या पद्धतीने संख्या लिहून त्यांना एकच ठरावीक प्रकार दिला असता, साध्या प्रकारांच्या कलनात बहुपदी आणि शून्य-अशून्य भेद करणारे फलन यांतून घडणारी फलनेच काय ती व्यक्त होतात. झाँ-इव्ह झिरार यांनी १९७२ साली प्रकारांवरच सामान्यीकरण करणारी बलवत्तर व्यवस्था दिली. तिची व्याप्ती प्रचंड आहे. तथापि सदैव थांबणारी सर्व गणनीय फलने तिच्याही कक्षेत येत नाहीत, आणि कर्णयुक्ती लक्षात घेता अशा कोणत्याही व्यवस्थेत ती येऊ शकणार नाहीत. उलट, कोणी ही उणीव भरून काढण्यासाठी ‘(अ → अ) → अ’ या प्रकाराचे स्थिरबिंदूपद पुन्हा दाखल केले, तर ते एकरूप फलनाला लावताच कोणत्याही प्रकाराचे पद मिळते; म्हणजे प्रत्येक विधानाला सिद्धता मिळते. १९३५ सालची विसंगती अशा वेळी नव्या वेषात परत आलेली असते.

म्हणून ‘सिद्धता म्हणजे आज्ञावली’ हे सूत्र उलट दिशेने वाचणे धोक्याचे आहे. व्यवहारात वापरल्या जाणाऱ्या बहुतेक संगणकभाषांत अनिर्बंध पुनरावर्तन असते. त्यांतील आज्ञावलीला प्रकार असतो, पण त्या प्रकाराची ती सिद्धता नसते. कारण तेथे प्रत्येक प्रकाराला कधीही न थांबणारे एखादे पद मिळतेच. प्रत्येक सिद्धता आज्ञावली म्हणून वाचता येते, हे सुयोग्य व्यवस्थांपुरते खरे. प्रत्येक आज्ञावली सिद्धता आहे, हे खरे नव्हे.

६

दुसरा आक्षेप तर्कशास्त्र कोणते, याविषयीचा आहे. वर वर्णिलेले साम्य ज्याच्याशी सहजपणे जुळते ते अंतःप्रज्ञावादी तर्कशास्त्र होय. सिद्धता म्हणजे रचना, हा त्याचा अर्थ हेटिंग आणि कोल्मोगोरोव्ह यांनी मांडलेला होता. कोल्मोगोरोव्ह यांचा त्याविषयीचा लेख चर्च यांच्या लेखाच्याच वर्षी, १९३२ साली प्रसिद्ध झाला. ‘((अ → ब) → अ) → अ’ हा पर्स यांचा नियम अभिजात तर्कशास्त्रात सर्वतः सत्य आहे, परंतु त्या प्रकाराचे शुद्ध लॅम्डा-पद नाही. टिमथी ग्रिफिन यांनी १९९० साली दाखविले, की गणनेचा उर्वरित भाग हाती घेऊन त्यात उडी मारण्याची सोय देणारे नियंत्रणपद कलनात घातले, तर या नियमालाही अर्थ प्राप्त होतो. हा शोध महत्त्वाचा आहे; पण त्यासाठी कलनात भर घालावी लागली, हेही विसरता येत नाही.

उलट, कलनातून काही काढल्यास तर्कशास्त्रही आखडते. बद्ध चल निदान एकदा आलाच पाहिजे, हे चर्च यांचे जुने बंधन पाळले, तर ‘लॅ क्ष. लॅ य. क्ष’ हे पद निषिद्ध ठरते आणि ‘अ → (ब → अ)’ हे गृहीतक जाते. उरते ते असे सोपाधिक विधान, ज्यात पूर्वांगाचा निष्कर्षात खरोखर उपयोग झालेला असतो. चर्च यांनी स्वतःच १९५१ साली अशा दुर्बल सोपाधिक विधानाची व्यवस्था प्रसिद्ध केली. चल अधिकात अधिक एकदाच यावा असे म्हटले, तर गृहीतक दोनदा वापरण्याची मुभा संपते. आणि करी यांच्या युक्तिवादात तर प हे गृहीतक दोनदाच वापरलेले होते. यावरून दिसते, की कलन कोणत्याही एका तर्कशास्त्राच्या बाजूने साक्ष देत नाही. चल बांधण्याचे जे नियम घालावेत, त्यांच्या अनुरूप तर्कशास्त्र ते परत करते. त्या नियमांची निवड कलनाबाहेरच्या कारणांनी करावी लागते, आणि ती कारणे तत्त्वज्ञानाच्या चर्चेतूनच यावयाची.

या टीकेने त्या साम्याचे मोल कमी होत नाही. निकोलास द ब्रॉइन यांनी १९६७-६८ च्या सुमारास आइंडहोव्हन येथे ‘ऑटोमॅथ’ ही सिद्धता तपासणारी भाषा रचावयास घेतली, तेव्हापासून या विचाराला व्यवहारी रूप आले. पूर्वी ‘कॉक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि २०२५ साली ‘रॉक’ हे नाव घेतलेल्या व्यवस्थेत जॉर्ज गाँतिए यांनी २००५ साली चतुर्वर्ण प्रमेयाची संपूर्ण आकारिक सिद्धता पूर्ण केली. तेथे सिद्धता तपासणे म्हणजे पदाचा प्रकार तपासणे होय. तथापि अशा व्यवस्थांच्या गाभ्यातही जुना पहारा कायम आहे. पुनरावर्तन थांबणारे आहे याची खूण पटल्याखेरीज ते स्वीकारले जात नाही. ‘सर्व प्रकारांचा प्रकार’ही तेथे निषिद्ध असतो, कारण पेर मार्टिन-ल्योफ यांच्या १९७१ सालच्या मांडणीत त्याला दिलेली मोकळीक विसंगतीला कारण होते, हे झिरार यांच्या १९७२ सालच्या कामातून उघड झाले.

एकंदरीत रूढ निर्णय पुढीलप्रमाणे दुरुस्त केला पाहिजे. लॅम्डा-कलनाची तर्कशास्त्राशी नाती दोन आहेत, विधानांच्या भाषेचे आणि सिद्धतांच्या भाषेचे. त्यांपैकी एकही १९३५ साली तुटले नाही. त्या वर्षी सिद्ध झाले ते इतकेच, की अनिर्बंध आत्मोपयोजन आणि अनिर्बंध सोपाधिक विधान एका घरात नांदू शकत नाहीत. पहिल्याचा त्याग केला तर सुसंगत तर्कशास्त्र मिळते आणि गणनेचे क्षेत्र आकुंचित होते. दुसऱ्याचा त्याग केला तर गणनेचे संपूर्ण क्षेत्र मिळते आणि विधाने सिद्ध करण्याचा अधिकार जातो. आणि गृहीतकांच्या पुनरुपयोगावर बंधन घातले तर तिसऱ्याच जातीची तर्कशास्त्रे हाती येतात. अध्यापनातही क्लीनी-रॉसर यांचा निष्कर्ष इतिहासाच्या प्रकरणात आणि हॉवर्ड यांचा निष्कर्ष संगणनाच्या प्रकरणात विभागून टाकण्याऐवजी करी यांची १९४२ सालची युक्ती दोहोंच्या मध्ये ठेवून शिकविली जावी. ‘र र’ हे एकच पद फळ्यावर लिहून त्याची दोन्ही वाचने शेजारी मांडली, तर एका निर्णयातील अर्धवटपणा आणि दुसऱ्या सूत्रातील सैलपणा विद्यार्थ्याला स्वतःच पारखता येईल.